मूल सांभाळणारीचें वेतन आणि बालवाडीचे तीन तास

सुशिक्षित कुटुंबांत जे तंटे हल्लीं वारंवार कानांवर येतात, त्यांपैकीं एक दिसण्यांत अगदीं क्षुल्लक आहे. परंतु त्याच्या मुळाशीं असलेला प्रश्न क्षुल्लक नाहीं. घरांतील मूल तीन वर्षांचें होतें. तोंपर्यंत सकाळपासून संध्याकाळपर्यंत त्यास सांभाळावयास एक बाई येत असते. मुलगा नोकरीस जातो, सून नोकरीस जाते, सासूबाईंचे गुडघे दुखत असल्यामुळें धांवत्या नातवामागें त्यांच्यानें धांववत नाहीं. म्हणून ही बाई घराचा आधार होऊन बसलेली असते. पुढें जून महिना उजाडतो, मुलाचें नांव बालवाडींत घातलें जातें, आणि पहिल्याच महिन्याच्या अखेरीस पगाराचे पैसे मोजतांना घरांतील कोणीतरी हिशेबी माणूस म्हणतो, "मूल आतां रोज तीन तास शाळेंत असतें. त्या वेळेचे पैसे बाईला कां म्हणून द्यावयाचे?"

हा प्रश्न विचारणारा लोभीच असतो असें आम्ही म्हणत नाहीं. बालवाडीची फी, गणवेश, गाडीभाडें असा नवा खर्च एकदम अंगावर आलेला असतो, आणि एकाच मुलाच्या एकाच वेळेसाठीं आपण दोन ठिकाणीं पैसे मोजीत आहों असें त्यास मनापासून वाटत असतें. बाईलाही उलट बोलतां येत नाहीं, कारण आरंभीं नीट कांहीं ठरलेलें नसतें. पुष्कळदां ती मान हलवून कमी पैसे घेते आणि दोन महिन्यांनीं दुसरें काम मिळालें कीं निघून जाते. मग मूल रडतें, सूनबाईच्या शिल्लक रजा संपतात, आणि घरांतील मंडळी 'हल्लीं माणसें टिकत नाहींत' असा सिद्धान्त काढून मोकळी होतात. माणूस कां टिकलें नाहीं याचा शोध मात्र सहसा कोणी घेत नाहीं. तो आज येथें घेण्याचा विचार आहे.

प्रथम त्या तीन तासांतच डोकावून पाहूं. बालवाडी साडेनऊला भरते व साडेबाराला सुटते असें धरूं. बाई साडेआठाला येते. मुलाला न्हाऊं घालून, कपडे चढवून, डबा भरून, त्याचा रुसवा काढून ती नऊ वाजतां त्यास घेऊन निघते. शाळेच्या दारांत तें तिचा पदर सोडीत नाहीं. त्याची समजूत घालून त्यास आंत पोंचवीपर्यंत पावणेदहा होतात. परत आणावयाला तिला सव्वाबारालाच दारांत उभें राहिलें पाहिजे, कारण शाळा सुटतांना आपलें माणूस दिसलें नाहीं तर एवढ्याशा जीवाचा धीर सुटतो. म्हणजे कागदावर जे तीन तास दिसतात, ते प्रत्यक्षांत अडीचच उरतात.

ह्या अडीच तासांत तिनें काय करावें? तिचें घर शहराच्या दुसऱ्या टोंकाला. जाण्यायेण्यांतच वेळ सरावयाचा. अडीच तासांपुरतें दुसऱ्याचें मूल सांभाळावयास कोणी देत नाहीं. आणि एवढ्यांत शाळेंतून निरोप आला, कीं मुलाला ताप भरला आहे, किंवा त्यानें कपडे भरवले आहेत, तर धांवत कोणीं जावयाचें? सूनबाई कचेरींत, मुलगा त्याहून दूर. जावयाचें तें बाईनेंच. शाळेच्या पहिल्या वर्षीं मुलें सर्दीखोकल्यानें किती वेळां घरीं बसतात, हें ज्या घरांत मूल आहे त्यास सांगावयास नकोच. त्या दिवशीं सकाळीं आठ वाजतां 'आज शाळा नाहीं' असें ठरतें, आणि बाई मात्र नेहमींप्रमाणें हजर असते म्हणूनच घराचें चक्र अडत नाहीं. हा वेळ तिच्या हातीं मोकळा असतो असें आपण म्हणतों खरें. पण तो वेळ कोणाच्या सोयीसाठीं राखून ठेवलेला असतो, हें विचारल्यावर उत्तर एकच येतें.

आतां थोडासा हिशेब करूं. येथें जे आंकडे घेतले आहेत ते केवळ समजण्यासाठीं आहेत. कोठला दर म्हणून कोणी धरूं नयेत. बाई साडेआठ ते साडेपांच, म्हणजे ९ तास, महिन्याचे २६ दिवस येते. एकूण २३४ तास झाले. तासाला ६० रुपये धरले तर महिन्याचें वेतन १४,०४० रुपये होतें. बालवाडी महिन्यांतून २२ दिवस, रोज ३ तास. म्हणजे ६६ तास. तेवढे पैसे कापले तर ३,९६० रुपये जातात आणि तिच्या हातांत १०,०८० रुपये पडतात. परंतु तिचें घरून निघणें पूर्वीच्याच वेळेला, परत पोंचणें पूर्वीच्याच वेळेला, बसचें भाडें पूर्वीचेंच. तिच्या दिवसाचे नऊ तास आपल्याच हवालीं असतात. तेव्हां २३४ तासांनीं भागून पाहिलें तर तिचा दर साठ रुपयांवरून त्रेचाळीस रुपयांवर आला. आपण तीन तासांचे पैसे वांचविले असें म्हणतों. तिच्या बाजूनें पाहतां आपण तिच्या वेतनांतून शेंकडा २८ काढून घेतले. तिच्या खोलीचें भाडें शेंकडा २८ नें उतरलेलें नसतें, आणि वाण्याच्या दुकानांत तांदूळही तितक्यानें स्वस्त झालेला नसतो.

वेतनाचा तंटा आपल्या देशाला नवा नाहीं. धर्मशास्त्रकारांनीं व्यवहाराचीं जीं अठरा पदें मानलीं आहेत, त्यांत ठरलेलें वेतन न देणें हें एक स्वतंत्र पदच आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत धर्मस्थीय नांवाचें तिसरें अधिकरण आहे. काम करणाऱ्याचें वेतन आधीं बोलून ठरवावें, तें ठरलें नसेल तर काम व काळ पाहून द्यावें, आणि हा करार जवळपासच्या लोकांस ठाऊक असावा, असें तेथें सांगितलें आहे. लगेच पुढच्या अध्यायांत एक वाद येतो, आणि तो तर आपल्या प्रश्नाचाच जुना अवतार म्हणावा लागेल. पूर्वाचार्यांचें मत असें कीं, काम करणारा हजर झाला असून धन्यानें त्याच्याकडून काम करवून घेतलें नाहीं, तर तें काम झालें असेंच समजावें. कौटिल्याला हें मान्य नाहीं. वेतन हें केलेल्या कामाचें असतें, न केलेल्याचें नसतें, असा त्याचा रोख आहे.

येथपर्यंत वाचून आमच्या हिशेबी गृहस्थास आनंद वाटेल. परंतु त्यानें पोथी इतक्यांत बांधून ठेवूं नये. कौटिल्य पुढें लगेच असेंही सांगतो कीं, धन्यानें थोडेंसें जरी काम करवून घेतलें आणि नंतर पुढचें करूं दिलें नाहीं, तर तें सर्व काम झालें असेंच धरावें. कौटिल्याला हळव्या मनाचा असें आजवर कोणीं म्हटलेलें नाहीं. अशा रोखठोक माणसालाही जें पटलें, तें आपल्याला पटावयास हरकत नसावी. बाईनें सकाळीं मुलाला तयार केलें, शाळेंत पोंचविलें; तिच्या दिवसाच्या कामास हात लागला. मध्यें मूल तिच्यापासून दूर असतें तें आपल्या इच्छेनें व आपल्या सोयीनें. तिच्या चुकारपणानें नव्हे. मग मधला वेळ तिच्या खात्यांतून वजा करण्यास आधार कोणता?

आजच्या काळाकडे वळलें तरी हाच विचार अधिक स्पष्ट शब्दांत आढळतो. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेनें २०११ सालीं जिनीव्हा येथें घरकामगारांविषयीं १८९ क्रमांकाचा करार संमत केला. ज्या वेळांत घरकामगाराला आपला वेळ स्वतःच्या इच्छेप्रमाणें घालवितां येत नाहीं, आणि हांक आली तर ओ देतां यावी म्हणून ज्याला त्या घराच्या स्वाधीन राहावें लागतें, तो वेळ त्या त्या देशाचे कायदे व करार ठरवितील त्या मर्यादेपर्यंत कामाचाच वेळ मानावा, असें त्यांत कलम आहे. भारतानें ह्या करारास रीतसर मान्यता दिलेली नाहीं. तथापि कलमांतील न्याय समजावयाला मान्यतेची वाट पाहण्याचें कारण नाहीं.

आमच्या महाराष्ट्रापुरतें बोलावयाचें तर १९८० सालीं पुण्यांतील मोलकरणींनीं काम बंद ठेवून वाढीव पगार मागितला, आणि त्यांतून पुणें शहर मोलकरीण संघटना उभी राहिली. २००८ सालीं राज्यानें घरेलू कामगारांच्या कल्याण मंडळाचा कायदा केला. जानेवारी २०२५ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें घरकामगारांच्या हितासाठीं कायद्याची चौकट कशी असावी याचा विचार करण्याकरितां समिति नेमावी, असें केंद्र सरकारास सांगितलें. ह्या सर्व गोष्टी चांगल्याच आहेत. परंतु कायदा बहुधा घराच्या उंबऱ्यापर्यंत येऊन थबकतो. सकाळीं मूल कोणाच्या कडेवर आहे आणि महिनाअखेर तिच्या हातांत काय पडलें, हें पाहावयाला कोणी अधिकारी आंत येत नाहीं. उंबऱ्याच्या आंतला न्याय घरच्या मंडळींनींच करावयाचा असतो, आणि म्हणूनच तो आमच्यासारख्या कुटुंबांच्या चारित्र्याचा प्रश्न आहे.

कायदा आणि शास्त्र बाजूस ठेवले तरी व्यवहार काय सांगतो तें पाहा. मुलाला आठ दिवस ताप आला म्हणून बालवाडी तेवढ्या दिवसांची फी परत देते काय? दिवाळीच्या सुटींत शाळा बंद असते. त्या दिवसांचे पैसे आपण कापून घेतों काय? आपण बिनतक्रार पूर्ण फी भरतों, कारण तेथें आपल्या मुलाची जागा राखलेली आहे हें आपल्याला समजतें. आम्ही स्वतः बरींच वर्षें शाळेंत शिकविण्याचें काम केलें. मे महिन्यांत वर्गांत एकही मुलगा नसे, तरी त्या महिन्याचें वेतन आम्हांस मिळे आणि त्यांत कोणास वावगें वाटत नसे. बँकेंतील सुनेलाही भरपगारी रजा असते. मग ज्या घरांत शिक्षक आहेत, बँकेंतले आहेत, सरकारी नोकर आहेत, त्याच घरांत बाईचा हिशेब मात्र मिनिटांवर यावा, हें कसें? तिला आपण तोंडानें मावशी म्हणतों. कामापुरता मामा ही म्हण आपल्याकडे निंदेची आहे. कामापुरती मावशी करणें हेंही फारसें भूषणाचें नाहीं.

याचा अर्थ बाईचें वेतन कधींच कमी होऊं नये असा मात्र कोणी करूं नये. न्याय दोन्ही बाजूंचा असतो, आणि घराचीही ऐपत पाहावी लागते. कोठें काय योग्य, हें थोडक्यांत सांगतों.

घरानें जर तो वेळ राखून ठेवला असेल, म्हणजे बाईनेंच पोंचवावें, बाईनेंच आणावें आणि शाळेचा निरोप बाईनेंच घ्यावा असें असेल, तर पूर्ण वेतन द्यावें. त्यांत तडजोडीस जागा नाहीं.

घरानें जर तो वेळ खरोखर सोडून दिला असेल, म्हणजे शाळेचा निरोप आजोबा घेतील, मुलाला गाडी नेईल व आणील, आणि बाई मध्यंतरीं शेजारच्या घरीं पोळ्यांचें काम धरण्यास पूर्ण मोकळी असेल, तर त्या तासांचें वेतन अर्धें करणें आम्हांस रास्त वाटतें. सबंध कापूं नये. कारण दिवसाच्या मध्यभागीं पडलेला अडीच तासांचा तुकडा बाजारांत पुऱ्या किंमतीला विकला जात नाहीं, आणि तो तुकडा तिनें आपल्या सोयीसाठीं पाडलेला नाहीं. हा बदलही तिला निदान एक महिना आधीं सांगावा, म्हणजे तिला दुसरें काम शोधावयास अवधि मिळेल.

कामाची वेळच बदलली, म्हणजे बाईनें सकाळीं न येतां साडेबारापासून साडेपांचपर्यंत यावें असें ठरलें, तर तें जुन्या कामाचें कापलेलें रूप नव्हे, नवेंच काम समजावें आणि त्याचा दर पुन्हां बोलून ठरवावा. पांच तासांच्या कामाचा तासाचा दर नऊ तासांच्या कामाहून थोडा चढाच असावा, कारण येण्याजाण्याचा वेळ व भाडें दोन्हींस सारखेंच पडतें.

आणखी एक युक्ति पुष्कळ घरांत योजिली जाते. पगार कापीत नाहींत, पण मूल शाळेंत आहे तोंवर बाईनें भांडीं घांसावीं, फरशी पुसावी, भाजी निवडावी, असें हळूंच सुरू होतें. मुलाचे कपडे धुणें, त्याचीं खेळणीं आवरणें, दुपारच्या खाण्याची तयारी करणें हीं कामें त्याच नोकरींत मोडतात. त्यांस कोणाची हरकत नसते. परंतु घरभर केर काढावयाला दुसरी बाई पैसे घेऊन येत होती, तिला बंद करून तें काम हिच्या माथीं मारणें म्हणजे एका वेतनांत दोन माणसें ठेवणें होय. तिला तें काम हवें असेल तर त्याचे वेगळे पैसे ठरवून द्यावे.

सुटीच्या दिवसांचा विचार तर बहुतेक हिशेबांतून गळूनच जातो. बालवाडी बंद असते तेव्हां मूल सबंध दिवस बाईजवळ असतें. जो गृहस्थ शाळेच्या दिवसांत तीन तास कापतो, तो दिवाळींत आणि मे महिन्यांत तीन तास वाढवून देतो असें आमच्या पाहण्यांत आलेलें नाहीं. म्हणून जेथें अर्धें वेतन कापावयाचें ठरेल तेथें हिशेब वर्षाचा करावा. समजा, तिचे कामाचे दिवस वर्षांतून ३०० आणि भरपगारी रजेचे १२ आहेत. त्या ३०० दिवसांपैकीं बालवाडी २०० दिवस भरते. तेव्हां वर्षांत कमी झालेले तास ६००. तासामागें साठांऐवजीं तीस रुपये कापले तर वर्षाला १८,००० रुपये, म्हणजे महिन्याला १,५०० रुपये कमी होतात. पूर्वीच्या १४,०४० मधून ते वजा करून बारा महिने सारखे १२,५४० रुपये द्यावे. यामुळें तिला दर महिन्याला किती हातीं येणार हें आधीं कळतें, आणि आपल्यालाही प्रत्येक सुटीला पाटीपेन्सिल घेऊन बसावें लागत नाहीं. गरीब घराला एकूण रकमेइतकीच तिची निश्चितीही मोलाची असते.

कांहीं ठिकाणीं बाई आपल्या घरीं येत नाहीं. आपलें मूल तिच्या घरीं, पाळणाघरांत, ठेवावें लागतें. तेथें न्याय थोडा निराळा आहे. चांगली पाळणाघरवाली किती मुलें घ्यावयाचीं याची मर्यादा पाळते. एका वेळीं पांच मुलांकडेच लक्ष पुरवितां येईल तर ती सहावें घेत नाहीं. आपलें मूल सकाळीं तीन तास बालवाडींत गेलें म्हणून ती त्या तीन तासांपुरतें दुसरें मूल आणूं शकत नाहीं, कारण साडेबाराला आपलें मूल परत यावयाचें असतें. तेव्हां तिच्याकडे आपण जागा धरलेली असते आणि पैसे जागेचे द्यावयाचे असतात. तिनें सकाळच्या वेळेस दुसरें मूल खरोखर घेतलें, तर मात्र आपली रक्कम कमी करण्याविषयीं तिच्याशीं बोलण्यास हरकत नाहीं.

कोणी म्हणेल, कीं बालवाडींत मूल शिकतें आणि बाईजवळ तें नुसतें राहतें. मग दोघींचें मोल एका तागडींत कसें तोलावें? असें म्हणणाऱ्यांनीं कालिदासाच्या रघुवंशाचा तिसरा सर्ग आठवावा. तेथें बाळ रघु पहिले शब्द उच्चारतो ते दाईनें सांगितलेले, आणि पहिलीं पावलें टाकतो तीं तिचें बोट धरून. राजवाड्यांत आचार्यांची वाण नव्हती. तरी वाणीचा आरंभ दाईपाशीं झाला हें कवीनें मुद्दाम नमूद केलें. आपल्या घरांतही मुलाच्या तोंडीं जे शब्द प्रथम बसतात, त्यांतले कितीतरी ह्या मावशीचे असतात. तिची बोली आपल्या बोलीहून निराळी असली तर आपण नाक मुरडतों. परंतु दिवसाचे सहा तास जी त्याच्याशीं बोलते तीच त्याची पहिली शिक्षिका, ही गोष्ट नाक मुरडल्यानें खोटी होत नाहीं.

बालशिक्षणाचा इतिहास पाहिला तरी सांभाळणें आणि शिकविणें यांची फारकत मुळांत नव्हती असेंच दिसतें. मारिया मॉन्टेसोरी यांनीं १९०७ सालीं रोममधील सान लोरेन्झो ह्या कष्टकऱ्यांच्या वस्तींत आपलें पहिलें बालगृह उघडलें, तें आईबाप कामावर गेल्यावर मागें राहणाऱ्या मुलांसाठीं. आपल्याकडे १९२० सालीं भावनगर येथें गिजुभाई बधेका यांनीं बालमंदिर सुरू केलें. पुढें ताराबाई मोडक त्यांच्या कार्यास जोडल्या गेल्या आणि १९२६ सालीं नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. १९४५ सालीं ताराबाईंनीं बोर्डी येथें गांवांतील गरीब मुलांसाठीं काम आरंभिलें व १९५७ सालीं तें कोसबाडच्या आदिवासी भागांत नेलें; अनुताई वाघ यांची साथ त्यांस अखेरपर्यंत लाभली. तेथें त्यांच्या असें ध्यानांत आलें कीं, मोठी बहीण शाळेंत येत नाहीं याचें कारण ती धाकट्या भावंडाला सांभाळीत बसलेली असते. म्हणून पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा ह्या तिन्ही एका छपराखालीं आणून त्यांनीं विकासवाडी उभी केली. लहान मूल सांभाळण्याची सोय झाल्यावांचून मोठें मूल शिकत नाहीं, एवढी साधी गोष्ट त्यामागें होती.

ह्याच ठिकाणीं आमच्या विषयाचा खरा गाभा आहे. आपलें मूल सांभाळावयाला जी बाई येते, तिचें मूल कोण सांभाळतें? पुष्कळदां तिची दहाबारा वर्षांची मुलगी. आई सकाळीं सातला घर सोडते, संध्याकाळीं सातला परतते. मधल्या वेळांत धाकट्याचें जेवण, अंगणवाडींतून त्यास आणणें, पाणी भरणें हें त्या मुलीच्या अंगावर पडतें आणि तिची शाळा बुडते. बाईच्या हातीं पुरेसे पैसे आले तर ती शेजारणीला कांहीं रक्कम देऊन धाकट्याची सोय लावूं शकते आणि मुलगी शाळेंत जाऊं शकते. आपण जे तीन-चार हजार रुपये कापतों, त्यांतच ती सोय होणार असते. आपलें मूल शिकूं लागलें त्याच महिन्यांत दुसऱ्या एका घरची मुलगी शाळेंतून उठावी, असा व्यवहार आपल्या हातून अजाणतांही घडूं नये. विद्येच्या नांवानें जगणाऱ्या आमच्या समाजाला तर तो मुळींच शोभणारा नाहीं.

एकत्र कुटुंबांतील एका गोष्टीचाही येथें उल्लेख केला पाहिजे. मूल सांभाळणारीचा पगार बहुतेक घरांत सुनेच्या मिळकतींतून वजा धरला जातो. 'तिला नोकरी करावयाची आहे, म्हणून बाई ठेवावी लागते,' असें बोललें जातें. आणि मग तिच्या पगारांतून बाईचे पैसे गेल्यावर उरलें काय, असा सवाल निघतो. मूल सुनेचें एकटीचें नाहीं. तें मुलाचेंही आहे आणि घराण्याचेंही आहे. दूध, औषध, फी हा जसा घरखर्च, तसाच बाईचा पगारही घरखर्चच मानावा. तो सुनेच्या नांवावर टाकला कीं सून बिचारी तो कमींत कमी करूं पाहते, आणि दोन कष्टकरी बायका एकमेकींसमोर उभ्या राहतात. तो भार सर्वांनीं मिळून उचलला तर हा तंटा अर्ध्याहून अधिक मिटतो, असा आमचा अनुभव आहे.

आतां करावयाचें काय, तें सांगून लेख आवरतों. बाई कामावर येईल त्याच दिवशीं एका कागदावर सोप्या मराठींत करार लिहावा, तिला वाचून दाखवावा आणि एक प्रत तिच्याजवळ द्यावी. त्यांत येण्याजाण्याची वेळ, आठवड्याची सुटी, वर्षांतील भरपगारी रजा, आजारपणाचे दिवस, दिवाळीची जादा रक्कम आणि दरवर्षींची वाढ हीं नमूद असावीं. मूल बालवाडींत जाऊं लागेल तेव्हां काय होईल, हें तेव्हांच लिहून ठेवावें. जून उजाडल्यावर नव्हे. आपण गांवीं गेलों म्हणून काम नसलें, तर तो पगार कापूं नये. गांवीं आपण गेलों, ती नव्हे. ठरल्याहून उशीर झाला तर त्या वेळाचे पैसे निराळे द्यावे. तिचा चहा घरच्याच पेल्यांतून व्हावा, हें कागदावर लिहावें लागूं नये अशी आमची अपेक्षा आहे.

शेवटीं, मूल मोठें होऊन दिवसभराच्या शाळेंत जाऊं लागतें आणि बाईचें काम संपतें, त्या वेळेचाही विचार आधींच करावा. १९७२ सालच्या उपदानाच्या कायद्यानें नोकरीच्या प्रत्येक वर्षामागें पंधरा दिवसांचें वेतन हें माप घालून दिलें. ह्या कायद्याखालीं अंगणवाडीच्या सेविका व मदतनीसही येतात, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयानें एप्रिल २०२२ मध्यें दिला. आपल्या घरावर तशी सक्ति नाहीं. तथापि माप तयार आहे, तें आपण आपखुषीनें वापरावें. तीन वर्षें मूल सांभाळलेल्या बाईस निदान दीड महिन्याचें वेतन, एक महिन्याची पूर्वसूचना आणि दुसऱ्या चांगल्या घराची ओळख, एवढें देऊन निरोप द्यावा.

हें सर्व करावयाचें म्हटलें तर खर्च वाढतो, हें आम्हांस मान्य आहे. ज्या घरास पूर्ण दिवसाची बाई खरोखरच परवडत नाहीं, त्यानें तसें मोकळेपणानें बोलून कमी तासांची बाई ठेवावी. त्यांत कमीपणा नाहीं. पूर्ण दिवस राखून ठेवावयाचा आणि पैसे तुकड्यांचे द्यावयाचे, एवढें मात्र करूं नये. बालवाडीचे तीन तास हे मुलाच्या शिक्षणाचे आहेत. त्यांची किंमत बाईच्या पदरांतून वसूल होऊं नये, इतकेंच आमचें सांगणें आहे. येत्या महिनाअखेरीस पगार मोजण्यापूर्वीं वडीलधाऱ्यांनीं, मुलानें व सुनेनें एकत्र बसून हा हिशेब एकदां तिच्या बाजूनें मांडून पाहावा, म्हणजे काय द्यावयाचें तें वेगळें सांगावें लागणार नाहीं.